‘ऑनेस्ट’ : एका विशेषणाची साक्ष

शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ या नाटकात ‘ऑनेस्ट’ हे विशेषण आणि त्याचे भाववाचक नाम मिळून ५२ वेळा येते. ही मोजदाद विल्यम एम्पसनने केली आणि ‘द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्‌स’ (१९५१) या ग्रंथातील एका प्रकरणात तिचा अर्थ लावण्याचा प्रयत्न केला. तेव्हापासून या नाटकावर गंभीरपणे लिहिणाऱ्याला हा शब्द ओलांडून पुढे जाणे अवघड झाले आहे. आपल्या मराठीच्या वर्गात मात्र आपण या शब्दापाशी क्वचितच थांबतो. ‘प्रामाणिक’ हा प्रतिशब्द शाळेपासून आपल्या हाती तयार असतो. ‘प्रामाणिक इयागो’ असे म्हटले, त्यातला उपरोध समजावून सांगितला, की काम झाले असे आपल्याला वाटते. प्रस्तुत लेखकानेही कित्येक वर्षे असेच शिकवले.

काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गात अनुवादाच्या प्रश्नांची चर्चा चालू असताना एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, डेस्डिमोनालाही हेच विशेषण लावलेले आहे. मग तिथेही प्रामाणिकच म्हणायचे का?’ मी सवयीने उत्तर दिले की तेथे ‘पतिव्रता’ किंवा ‘शीलवती’ म्हणावे लागेल. उत्तर कोशाच्या दृष्टीने बरोबर होते. पण घरी येऊन नाटकाची संहिता पुन्हा उघडली, तेव्हा लक्षात आले की या बरोबर उत्तराने नाटकातील एक कळीचा सांधा मी निखळून टाकला होता. इयागोला एक शब्द आणि डेस्डिमोनाला दुसरा शब्द, अशी वाटणी केल्यावर जे उरते ती एका भोळ्या सेनापतीची आणि एका कपटी हाताखालच्याची गोष्ट. शेक्सपिअरच्या नाटकात एकाच विशेषणावर दोन माणसांचा दावा आहे, आणि ते एकाला दिले की दुसऱ्याकडून आपोआप काढून घेतले जाते. कोणाचा शब्द खरा मानायचा हा या नाटकातील मूळ प्रश्न आहे आणि त्याचा निकाल बऱ्याच अंशी हे विशेषण लावते, असे मला म्हणायचे आहे.

प्रथम शब्दाच्या पूर्वेतिहासाविषयी थोडे. लॅटिनमधील ‘ऑनोस’ म्हणजे मान, प्रतिष्ठा, त्यापासून ‘ऑनेस्टुस’. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत उतरला तेव्हा त्याचा अर्थ ‘खरे बोलणारा’ असा नव्हता. ‘मानाचा’, ‘प्रतिष्ठित’, ‘चारचौघांत शोभणारा’ असा होता. फ्रेंचमध्ये याच कुळातला ‘ऑनेत’ हा शब्द सतराव्या शतकात सुसंस्कृत, दरबारी वळणाच्या पुरुषासाठी रूढ झाला. इंग्रजीत मात्र शब्दाची घसरण आणि चढण दोन्ही एकाच वेळी चालू राहिली. जो मान उमरावाला जन्माने मिळतो तो खालच्या माणसाला वागणुकीने मिळवावा लागतो. म्हणून उमरावासाठी ‘ऑनरेबल’ हा शब्द राहिला आणि ‘ऑनेस्ट’ हळूहळू नोकर, शिपाई, कारागीर यांच्याकडे सरकला. मालकाने चाकराला ‘ऑनेस्ट’ म्हणावे, चाकराने मालकाला म्हणू नये, असा त्याचा व्यवहार झाला. स्त्रियांच्या बाबतीत त्याचा अर्थ एकाच ठिकाणी येऊन गोठला: चारित्र्य, म्हणजे शरीराची शुचिता. हॅम्लेट ऑफेलियाला ती ‘ऑनेस्ट’ आहे का असे विचारतो, तेव्हा ती खरे बोलते का एवढेच तो विचारत नसतो. एखाद्या स्त्रीशी संबंध ठेवल्यानंतर तिच्याशी लग्न करणे याला तिला ‘ऑनेस्ट’ करणे म्हणण्याची पद्धत इंग्रजीत पुढे फार काळ टिकली. १६०४ साली डेकर आणि मिडल्टन यांच्या ज्या नाटकाचा पहिला भाग छापला गेला, त्याच्या शीर्षकात हे विशेषण वेश्येला लावलेले आहे. त्या विसंगतीवरच शीर्षकाची सगळी गंमत उभी आहे. ‘ऑथेल्लो’चा राजदरबारातील ज्ञात प्रयोग त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरचा. म्हणजे लंडनच्या प्रेक्षकांच्या कानात हा शब्द त्या काळात सर्व अंगांनी घुमत होता.

आजचा वाचक या शब्दाचा एकच अर्थ घेऊन नाटकाकडे जातो. सी. एस. लुईसने ‘स्टडीज इन वर्ड्‌स’ (१९६०) मध्ये अशा अर्थाला धोकादायक अर्थ म्हटले आहे. शब्दाचा आज प्रबळ असलेला अर्थ जुन्या संहितेत घातला तरी वाक्य अडत नाही, काहीतरी अर्थ लागतोच, आणि म्हणून चूक कळतच नाही. ‘प्रामाणिक इयागो’ हे त्याचे नमुनेदार उदाहरण होय.

एम्पसनने या शब्दात आणखी एक छटा शोधली. ‘ऑनेस्ट’ म्हणजे दिलखुलास, मित्रांना धरून राहणारा, नाकाने कांदे न सोलणारा, स्वतःच्या वासनांविषयी स्वतःशी खोटे न बोलणारा गडी. हा अर्थ त्या काळी खालच्या, थोड्या उनाड वर्गात रुळत होता आणि वरच्या वर्गात तो चार्ल्स दुसऱ्याच्या पुनःस्थापनेनंतर, म्हणजे १६६० नंतर पोचला, असे त्याचे प्रतिपादन आहे. शेक्सपिअरला ही छटा आवडत नव्हती आणि त्या नावडीतून इयागो घडला, असा त्याचा तर्क. हे विवेचन अतिशय कुशाग्र आहे यात शंका नाही. इयागोच्या मद्यपानाच्या प्रसंगातील गाणी, रॉडरिगोशी त्याचे बोलणे, स्त्रियांविषयी त्याचे ते ‘मी बाबा स्पष्ट बोलतो’ छापाचे विनोद, हे सारे या छटेने उजळून निघते. तथापि एम्पसनचे लक्ष शब्दाच्या अंतर्गत रचनेवर, त्यातील अर्थांच्या आपसांतील समीकरणांवर इतके खिळलेले आहे, की हा शब्द नाटकात कोणत्या क्षणी उच्चारला जातो याला त्याच्या मांडणीत दुय्यम स्थान मिळते. तो क्षण बहुधा साक्षीचा, चौकशीचा, आरोपाचा किंवा पुराव्याच्या मागणीचा असतो.

नाटकात हा शब्द प्रथम येतो तो इयागोच्याच तोंडी, आणि तिरस्काराने. मालकाच्या दारात गाढवासारखे राबून म्हातारे होणारे आणि मग हाकलले जाणारे जे सेवक, त्यांना तो हे विशेषण लावतो आणि असल्यांना चाबकाने फोडावे असे म्हणतो. पुढे ज्या शब्दाने सगळे त्याला गौरवणार आहेत त्या शब्दाची किंमत त्याला पहिल्या प्रवेशातच पक्की माहीत आहे. त्याला हवे होते सेनापतीच्या दुय्यमाचे पद. ते कॅसिओला मिळाले. इयागोच्या वाट्याला निशाणधारकाचे काम आले आणि हे विशेषण आले. कॅसिओ, जो वर्गाने आणि हुद्द्याने त्याच्यापेक्षा वरचा आहे, त्याला वारंवार या विशेषणाने संबोधतो. त्या संबोधनात आपुलकी आहे तशीच पाठीवर थाप मारण्याची वरिष्ठ सवयही आहे. डेस्डिमोना स्वतः त्याच अर्थाने त्याला भला माणूस ठरवते. म्हणजे जिच्याविरुद्ध पुढे या माणसाचा शब्द ग्राह्य धरला जाणार आहे, तिनेही त्याला प्रमाणपत्र दिलेलेच आहे.

आपल्याकडेही ‘प्रामाणिक’ या शब्दाची अशी एक उतरण आहे, हे जाता जाता नोंदवण्यासारखे आहे. ‘आमची कामवाली फार प्रामाणिक आहे हो’ असे आपण सहज म्हणतो. तिने आपल्याविषयी तसे म्हटले तर कपाळाला आठी पडेल. नोकरीच्या जाहिरातीत ‘प्रामाणिक व होतकरू’ तरुण हवा असतो, तो हाताखालच्या कामासाठी. संचालक हवा असेल तर अर्हता निराळी लिहितात.

इयागोविषयी सतराव्या शतकातच टॉमस रायमरने ‘अ शॉर्ट व्ह्यू ऑफ ट्रॅजेडी’ (१६९३) मध्ये तक्रार केली होती की शिपाई म्हटला की तो उघड्या मनाचा, सरळ, आडपडदा नसलेला असायचा, आणि शेक्सपिअरने जगाच्या या चालीविरुद्ध एक कपटी शिपाई रंगवला. रायमरची टर उडवण्याची समीक्षकांची प्रथा जुनी आहे आणि त्याने ती पुष्कळशी ओढवून घेतलेली आहे. पण येथे त्याने नकळत नेमके बोट ठेवले. शिपाई सरळच असतो हा जो सामाजिक समज, त्याचे नाव म्हणजे हे विशेषण. इयागोला ते त्याच्या एखाद्या कृतीमुळे मिळालेले नाही. त्याच्या वर्गाचा, हुद्द्याचा, बोलण्याच्या रांगड्या ढंगाचा तो हिस्सा आहे. ए. सी. ब्रॅडलीने १९०४ साली ऑथेल्लोचा बचाव करताना दाखवून दिले होते की इयागोवर विश्वास ठेवणारा तो एकटा नव्हता, जवळजवळ सगळेच ठेवत होते. एफ. आर. लीव्हिसने १९३७ मध्ये त्यावर कडाडून हल्ला चढवला: ऑथेल्लो इतक्या चटकन बळी पडतो याचे कारण त्याच्या आत्मगौरवात शोधले पाहिजे, असे त्याचे म्हणणे. दोघांचा वाद माणसाच्या स्वभावाविषयी आहे. मला वाटते, भाषेत एखाद्या माणसाचा शब्द तपासण्याआधीच तो खरा ठरवून टाकणारे विशेषण चलनात असेल, तर स्वभावाचा प्रश्न पुष्कळसा मागे पडतो.

येथे ‘प्रामाणिक’ या आपल्या शब्दाची व्युत्पत्ती उपयोगी पडते. प्रमाणाला धरून आहे ते प्रामाणिक. ज्याला पुरावा आहे, ज्याची सिद्धता आहे ते. संस्कृतात हा शब्द मुख्यतः विधानाविषयी, मताविषयी आणि प्रमाण मानून चालणाऱ्याविषयी येतो. मराठीत तो माणसाच्या वृत्तीकडे वळला आणि वळताना प्रमाण मागे ठेवून आला. आज ‘माझे प्रामाणिक मत’ म्हणजे ज्याला पुरावा जोडण्याची मला गरज वाटत नाही असे मत. आपल्या समीक्षेत ‘अनुभवाशी प्रामाणिक’ हा शेरा गेली कित्येक दशके मानाने वावरतो आहे; त्या अनुभवाचे प्रमाण कोणते, हा प्रश्न असा शेरा देणाऱ्याला सहसा कोणी विचारत नाही. शब्दात पुरावा दडलेला आहे आणि शब्दाचा वापर पुराव्याची मागणी थांबवण्यासाठी होतो, ही विचित्र अवस्था इंग्रजी शब्दाला नाही. ‘ऑनेस्ट’मध्ये मान दडलेला आहे, प्रमाण नाही. पण नाटकात शेक्सपिअरने या शब्दाला पुराव्याच्या इतक्या जवळ आणून उभे केले आहे की आपल्या शब्दाच्या पोटातील प्रमाण जागे व्हावे.

नाटकातील चौकशांकडे पाहू. पहिल्या अंकात व्हेनिसच्या सभेपुढे ब्राबॅन्शिओ आरोप करतो की मूराने जादूटोणा करून आपल्या मुलीला वश केले. ड्यूक त्याला स्पष्ट बजावतो की नुसते म्हणणे हा पुरावा होत नाही. डेस्डिमोनाला बोलावून घेतले जाते, ती बोलते, आणि तिचे बोलणे प्रमाण मानले जाते. या सगळ्या नाटकात स्त्रीचा शब्द सभेपुढे उभा राहून जिंकतो तो हा एकच प्रसंग. येथे तिला कोणी ‘ऑनेस्ट’ म्हणत नाही. तिची तशी गरजच पडत नाही. सभा उठते, बाप जाताना विषारी इशारा देऊन जातो की हिने मला फसवले, उद्या तुलाही फसवील. ऑथेल्लो तिच्या निष्ठेवर आपले प्राण पणाला लावतो, आणि त्याच दमात इयागोला ‘ऑनेस्ट’ म्हणून हाक मारून तिला त्याच्या हवाली करतो. निष्ठा तिच्या नावावर आणि ‘ऑनेस्ट’ त्याच्या नावावर, अशी नोंद येथे होते.

दुसऱ्या अंकात सायप्रसला दारूच्या नशेत मारामारी होते. ऑथेल्लो इयागोलाच साक्ष विचारतो. इयागो कॅसिओला सांभाळून घेतल्यासारखे करून त्याला बुडवतो, आणि ऑथेल्लो त्याच्या ‘ऑनेस्टी’चे कौतुक करून, मित्रासाठी तो सत्य सौम्य करतो आहे असे मानून, कॅसिओला पदावरून दूर करतो. साक्षीदार पढवला गेला आहे का हे पाहण्याची गरज विशेषणाने संपवली.

तिसऱ्या अंकातील तिसरा प्रवेश हा या शब्दाचा खरा आखाडा. येथे इयागो पहिली चाल खेळतो ती हाच शब्द परत फेकून. कॅसिओ ‘ऑनेस्ट’ नाही का असे ऑथेल्लो विचारतो, आणि इयागो उत्तर देण्याऐवजी तोच शब्द प्रश्नचिन्हासह उच्चारतो. ऑथेल्लो चिडून पुन्हा उच्चारतो. तीन-चार वेळा शब्द या तोंडातून त्या तोंडात जातो आणि दर फेरीत थोडा अधिक पोकळ होतो. इयागोने आरोप केलेला नाही, वस्तुस्थिती सांगितलेली नाही. फक्त शब्दाला टिचकी मारून त्याचा आवाज ऐकवला आहे. ‘जूलिअस सीझर’मध्ये अँटनी ‘ऑनरेबल’ या सख्ख्या विशेषणाचे एका भाषणात असेच भुस्कट करतो. पण तो ते भर चौकात करतो आणि ऐकणारी गर्दी त्याच्याबरोबर उपरोध शिकत जाते. येथे उपरोध फक्त प्रेक्षकाला कळतो. ऑथेल्लोच्या कानात शब्द कॅसिओपुरता आणि पुढे डेस्डिमोनापुरता पोकळ झाला आहे. इयागोपुरता तो अजून भरीवच आहे.

याच प्रवेशात पुढे ऑथेल्लो इयागोच्या अंगावर धावून जातो आणि डोळ्यांना दिसेल असा पुरावा मागतो. या जागी इयागो काय पुढे करतो ते पाहण्यासारखे आहे. तो पुरावा पुढे करीत नाही, विशेषण पुढे करतो. सरळ आणि ‘ऑनेस्ट’ राहणे या जगात धोक्याचे आहे, असा आक्रोश करून तो निघून जाण्याचा आव आणतो. ऑथेल्लो त्याला थांबवतो. आणि मग ते भाषण येते ज्यात एका वाक्यात पत्नीविषयी आणि पुढच्याच वाक्यात इयागोविषयी तो आहे असे म्हणतो आणि नाही असेही म्हणतो. पत्नीसाठी तो ‘ऑनेस्ट’ वापरतो. इयागोसाठी, सबंध नाटकभर चिकटलेले विशेषण याच ठिकाणी बाजूला ठेवून, ‘जस्ट’ हा शब्द घेतो. आणि लगेच म्हणतो की मला पुरावा हवा. हे भाषण १६२२ च्या क्वार्टो प्रतीत नाही, १६२३ च्या फोलिओत आहे. ते मागाहून घातले गेले की आधीच्या प्रतीतून गळले, हा पाठचिकित्सकांचा वाद. पण फोलिओचा पाठ वाचणाऱ्याला या ठिकाणी तराजूची दोन्ही पारडी क्षणभर समपातळीत आलेली दिसतात. दोघांपैकी एकच ‘ऑनेस्ट’ असू शकतो हे ऑथेल्लोला कळले आहे. त्याने हा शब्द पत्नीकडे दिला तो क्षण हाच, आणि तो टिकत नाही.

कारण हा शब्द स्त्रीला दिला की तो आपला विषयच बदलतो. पुरुषाचा ‘ऑनेस्ट’पणा त्याच्या बोलण्याचा गुण आहे, स्त्रीचा तिच्या देहाचा. म्हणून इयागो आपल्या शब्दाने डेस्डिमोनाच्या देहाविषयी साक्ष देऊ शकतो. डेस्डिमोनाला आपल्या देहाविषयी साक्ष देता येत नाही, कारण तिच्या शब्दाची पत देहाच्या पतीवर अवलंबून, आणि देहाची पत तर वादग्रस्तच. चौथ्या अंकात ऑथेल्लो तिला ‘ऑनेस्ट’ असल्याची शपथ घ्यायला सांगतो, ती कशासाठी? खोटी शपथ घेऊन ती दुप्पट पापाची धनीण व्हावी म्हणून. साक्ष मागतानाच ती खोटी ठरवून ठेवलेली आहे. एमिलिया आपला आत्मा पणाला लावून मालकिणीची ग्वाही देते. एखादी कुंटीणही एवढे बोलेल, असे म्हणून ऑथेल्लो ती ग्वाही झटकून टाकतो. व्हेनिसच्या सभेत जो शब्द चालला तो सायप्रसच्या खोलीत चालत नाही.

आपल्या न्यायशास्त्रात प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली आहेत, आणि शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचा उपदेश. वात्स्यायनाच्या भाष्यानुसार ज्याने विषय प्रत्यक्ष जाणला आहे आणि जसा जाणला तसा सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ यांना सारखेच लागू आहे. विषयाचे ज्ञान आणि सांगण्यातील सचोटी, एवढीच कसोटी. कूळ नाही, हुद्दा नाही. तेथे स्त्रीचा उल्लेख नाही, पण लक्षणाच्या तर्काने तिला वगळताही येत नाही. ‘ऑनेस्ट’ या विशेषणाने नाटकात नेमके उलटे होते: आधी आप्तपद बहाल होते आणि मग त्या पदामुळे बोलणे खरे ठरते. प्रत्यक्षसुद्धा त्याच्यापुढे हतबल होते. चौथ्या अंकात बियांका कॅसिओला तो रुमाल परत करते तेव्हा ऑथेल्लो तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. त्याने मागितलेला डोळ्यांचा पुरावा अखेर समोर आहे. आणि तरी तो इयागोला विचारतो की तो माझाच होता का. इयागो होय म्हणतो, तेव्हा त्याने जे पाहिले ते पाहिले असे ठरते. मराठीत ‘आप्त’ म्हणजे नातेवाईक, जवळचे माणूस. जिचे लग्नाने आप्तपण सिद्ध झाले आहे तिचा शब्द आप्तवाक्य होत नाही आणि निशाणधारकाचा होतो.

आता अनुवादाचा प्रश्न. मराठीत या नाटकाला १८६७ साली महादेवशास्त्री कोल्हटकरांनी हात घातला, १८९० मध्ये गोविंद बल्लाळ देवलांनी त्याचे ‘झुंझारराव’ केले, १९६१ मध्ये वि. वा. शिरवाडकरांचे ‘ऑथेल्लो’ आले. त्यांची तुलना करण्याचा येथे हेतू नाही. अडचण भाषेची आहे आणि ती प्रत्येकासमोर सारखीच उभी राहते. ‘प्रामाणिक’ आणि ‘पतिव्रता’ अशी फारकत केली तर तराजूचा काटाच काढून घेतल्यासारखे होते. तिसऱ्या अंकातील ते भाषण दोन असंबद्ध शंकांची यादी होऊन बसते. ‘अब्रूदार’ हा शब्द व्युत्पत्तीने जवळचा: तोंडावरचे पाणी, म्हणजे चारचौघांतला मान, तो घराण्याला लागतो आणि स्त्रीच्या बाबतीत अब्रू म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पण निशाणधारकाला अब्रूदार म्हटले तर त्याच्या साक्षीचा काही संबंध उरत नाही. ‘एकनिष्ठ’ सेवकालाही चालतो, पत्नीलाही. मात्र त्यात बोलण्याचा खरेपणा नाही आणि त्याचा डौल नाटकी आहे, रोजच्या हाकेत बसत नाही. ‘भला’ हाकेत सुंदर बसतो, पण स्त्रीविषयी तो दुबळा.

माझ्या मते ‘इमान’ या धातूभोवती जमलेले शब्द सर्वांत जवळ येतात. इमानी चाकर, इमानदार शिपाई ही बोलण्यातली रूपे. नवऱ्याशी इमान राखणे, बेइमान होणे ही बायकोविषयीची. मालकाने वरून द्यायचा शेरा ही छटा त्यात आहेच. आपण इमानी कुत्र्याला म्हणतो, आणि इयागोच्या पहिल्या प्रवेशातील तो तिरस्कार आठवला तर हे अगदीच गैरलागू नाही. विश्वास आणि श्रद्धा हा मूळ अर्थ आहे. बाप्तिस्मा घेतलेल्या मूराच्या तोंडी तो शब्द चमत्कारिक वाटेल असा आक्षेप येईल, पण मराठीत तो इतका घरगुती झाला आहे की त्या आक्षेपाला फार वजन देऊ नये. एकच मोठी उणीव राहते: ‘इमानी’ माणूस खरे बोलतोच असे नाही, तो आपल्या माणसासाठी खोटेही बोलेल. दुसऱ्या अंकात कॅसिओविषयी सौम्य साक्ष देणाऱ्या इयागोला ऑथेल्लो जे श्रेय देतो ते याच प्रकारचे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ही उणीवही काही ठिकाणी कामाची ठरते. तरीसुद्धा पुराव्याच्या मागणीच्या ठिकाणी ‘प्रामाणिक’ने जो घाव घातला असता तो ‘इमानी’ने बसत नाही. अनुवादकाने सबंध नाटकभर ‘इमानी’ चालवून तेवढ्या एका ठिकाणी ‘प्रामाणिक’ आणावा का? शब्दाची एकसूत्रता मोडेल. पण तेथे मूळ नाटककारानेही इयागोपुरते विशेषण बदललेले आहेच.

शेवटच्या प्रवेशात एमिलिया आत येते. ऑथेल्लो तिला सांगतो की हे सारे तुझ्या नवऱ्याला ठाऊक होते. ती पुन्हापुन्हा तोच प्रश्न करते: माझा नवरा? चिडलेला ऑथेल्लो इयागोला ‘ऑनेस्ट’ म्हणतो, दोनदा, लागोपाठ. या दुहेरी उच्चाराला एम्पसनने महत्त्व दिले आहे आणि ते योग्यच आहे. पण ती येथे साक्ष तपासते आहे हेही पाहिले पाहिजे. ज्या स्त्रीची ग्वाही कुंटिणीची म्हणून फेटाळली गेली होती, ती आता त्या विशेषणाचीच उलटतपासणी घेते. रुमाल आपण उचलला आणि नवऱ्याला दिला, हे ती सांगते. याआधी रुमालाविषयी डेस्डिमोनाने विचारले तेव्हा ती खोटे बोललेली आहे. म्हणजे रूढ अर्थाने ती निष्कलंक साक्षीदार नव्हे. पण वात्स्यायनाच्या कसोटीला ती येथे पूर्ण उतरते: तिने पाहिले आहे आणि जसे पाहिले तसे सांगण्याची तिला इच्छा आहे. ते सांगितल्याबद्दल नवरा तिला भोसकतो.

मग कागद निघतात. रॉडरिगोच्या खिशात सापडलेली पत्रे लोडोव्हिको वाचून दाखवतो. लेखी पुरावा पोचतो तेव्हा त्याने वाचवावे असे कोणी शिल्लक नसते. शस्त्र काढून घेतले गेल्यावर ऑथेल्लो ‘ऑनर’ आणि ‘ऑनेस्टी’ हे दोन सगोत्र शब्द शेजारी आणून ठेवतो. लॅटिनमध्ये एक असलेले हे शब्द इंग्रजीत दोन झाल्याची किंमत त्याच्याइतकी दुसऱ्या कोणी मोजलेली नाही. इयागो यापुढे एक शब्दही बोलणार नाही असे सांगून गप्प होतो. ज्याचा शब्द एवढा काळ प्रमाण होता त्याच्याकडून आता कबुलीसुद्धा मिळत नाही.

ऑथेल्लोच्या अखेरच्या भाषणात हे विशेषण एकदाही नाही. व्हेनिसला जी पत्रे जातील त्यांत घडले ते जसे घडले तसे लिहा, कमी करू नका, आकसाने वाढवूही नका, एवढे तो लोडोव्हिकोला सांगतो, आणि मग कट्यार काढतो.